ट्रान्स हार्बरचं वऱ्हाड आणि चौदा मडकी : आमच्या लग्नाच्या नोंदी

१ सप्टेंबर २०२४, रविवार

तारीख ठरली, १९ जानेवारी. आईने कालनिर्णय उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "अगं पौष आहे, पौषात कोणी लग्न करतं का?" म्हटलं म्हणूनच तर. पौषात मांडववाला मोकळा, भांडीवाला मोकळा, फोटोवाला स्वतःहून फोन उचलतो. नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुहूर्तांना घोडबंदर रोडचे चार हॉल बघून आलो होतो, २०० माणसांना पाच लाखांच्या खाली कोणी बोलायलाच तयार नाही. त्यात लाल सिंहासन, पायाशी सोडायचा धूर आणि एण्ट्रीला ठिणग्यांची नळकांडी आलीच. हे सगळं काढून टाका म्हटलं तर मॅनेजर म्हणतो, काढा, पण रेट तोच.

हे लिहून ठेवतेय कारण "वेगळं लग्न" म्हणून शोधलं की नुसते फोटो सापडतात, ते कसं उभं केलं ते कोणी सांगत नाही.

आमचं थोडक्यात: मी ठाण्याची, नौपाड्यातली. तो बेलापूर गावातला, आगरी. ओळख नेरूळच्या डीपीएस तलावावर फ्लेमिंगो बघताना झाली, आणि पुढची पाच वर्षं ट्रान्स हार्बर लाइनच्या ठाणे-बेलापूर लोकलने एकमेकांकडे ये-जा करण्यात गेली. त्यामुळे ठरवलंय की वऱ्हाड लोकलने न्यायचं, लग्न त्याच्या मामांच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत, आणि जेवण म्हणजे पोपटी, मडक्यात भरून जाळात भाजलेलं. तो दर थंडीत मित्रांसाठी पोपटी लावतो, त्याला दुसरं काही धड येत नाही असं त्याची आईच म्हणते. भटजी नाहीत, आपण लिहिलेलं आपण बोलायचं. माणसं १४०.

१५ सप्टेंबर

पत्रिका छापल्या. हो, चार महिने आधी. डिझाइन करणारी मैत्रीण ऑक्टोबरमध्ये बंगलोरला चालली होती म्हणून घाई केली. लोकलच्या वेळापत्रकासारखी पत्रिका आहे, स्टेशनांच्या जागी ठाणे सुटणे, बेलापूर पोचणे, हळद, लग्न, पोपटी पहिला घाणा, पोपटी दुसरा घाणा. जाम आवडली सगळ्यांना. २२० प्रती, ५,७०० रुपये.

२३ सप्टेंबर, सोमवार

कोल्डप्ले.

काल त्या बँडच्या कॉन्सर्टची तिकिटं निघाली. १८ आणि १९ जानेवारी, डी. वाय. पाटील स्टेडियम, नेरूळ. आमच्या मांडवापासून दोन स्टेशनं. मला वाटलं असूदे की, आपल्याला काय, आपण दुपारी जेवून मोकळे. मग रात्री पुण्याच्या आणि नाशिकच्या पाहुण्यांसाठी बघून ठेवलेलं बेलापूरचं हॉटेल उघडलं. गेल्या आठवड्यात ३,४०० ला दिसणारी खोली २६,००० ला. वाशीत तेच, खारघरलाही तेच. आणि काल गर्दी बघून २१ तारखेचा तिसरा शो पण लावलाय म्हणजे मधे दर उतरायचाही प्रश्न नाही. शिवाय सायन-पनवेल हायवेची त्या दिवशी काय अवस्था असेल ते सांगायला ज्योतिषी नको.

तो म्हणतो पाहुण्यांना सांगू, लग्नाला या आणि कॉन्सर्ट बघून जा. हसण्याच्या मूडमध्ये नव्हते.

२९ सप्टेंबर

नवीन तारीख १२ जानेवारी, रविवार, भोगीच्या आदल्या दिवशी. पौषच, त्यामुळे सगळे मोकळेच आहेत. मामांना जागेचं काही अडलं नाही. आई पितृपक्ष संपेपर्यंत लग्नाचा विषय काढायचा नाही म्हणते, म्हणून तिला अजून सांगितलेलं नाही, हे वाचत असेल तर सॉरी आई.

२२० पत्रिकांवर १९ जानेवारी छापलंय. परत छापायच्या नाहीत असं ठरवलं. रबरी शिक्का करून घेतला: "ही गाडी एक आठवडा लवकर सुटेल". ३५० रुपये. लाल शाई. आता लोकांना वाटतंय की डिझाइनच तसं आहे. (तारीख पक्की करण्याआधी त्या आठवड्यात गावात दुसरं काय आहे ते बघा. मॅच, सभा, मॅरेथॉन, काहीही. आम्ही फक्त पंचांग बघितलं होतं, तेही उलट्या कारणासाठी.)

१० नोव्हेंबर

मांडव: १,८०० स्क्वेअर फूट, १५० खुर्च्या, सतरंज्या, चार हॅलोजन मिळून ३८,०००. अर्धे ॲडव्हान्स दिले.

आज भांडण झालं, तेही लिहिते. त्याच्या चुलत भावांनी विचारलं हळदीला बेंजो, म्हणजे वाजवणारं पथक, कुठला सांगितला. मी म्हटलं बेंजो नाही, आवाज नको, पक्षी आहेत खाडीवर, शांत हळद करू. समोर सगळे गप्प. आगऱ्यांच्या हळदीत बेंजो नाही म्हणजे काय, तिथे लग्नाला आलेला माणूस एक वेळ जेवला नाही तरी चालतं. घरी जाताना प्लॅटफॉर्मवर तो म्हणाला, "आपल्या दोघांसारखं लग्न करायचं म्हणालो होतो, तू तुझ्या एकटीसारखं करतेयस." दोन गाड्या सोडल्या त्या भांडणात.

बेंजो सांगितला. १८,०००. रात्री १० ला बंद, तो तर नियमच आहे आणि तो मोडायचा नाही हे भावांनीही मान्य केलं.

१४ नोव्हेंबर

विवाह नोंदणीची नोटीस द्यायला अर्धा दिवस सुट्टी टाकून गेलो. २० तारखेला विधानसभेचं मतदान, निम्मा स्टाफ इलेक्शन ड्युटीवर. निकालानंतर या म्हणाले. चूक आमचीच, हे डोक्यात यायला हवं होतं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

नोटीस दिली. संविधान दिन होता, हे आम्ही ठरवून केलं असं बाबा सगळ्यांना सांगतायत.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी: १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस राहिलेला हवा. आम्हा दोघांचा जिल्हा ठाणेच, बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा, खारघर लागलं की रायगड. नोटीस ऑफिसच्या बोर्डावर लागते, ३० दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं, नाहीतर परत पहिल्यापासून. म्हणजे फार उशिरा दिलीत तर ३० दिवस भरत नाहीत आणि फार लवकर दिलीत तर तीन महिने उलटतात. आम्ही १२ जानेवारीच्या ४७ दिवस आधी दिली, १४ नोव्हेंबरलाच झाली असती तर बरं झालं असतं.

त्या बोर्डावर आपलं नाव आणि फोटो बघून पोटात कसंतरी झालं. शेजारच्या नोटिशीतल्या मुलीचा फोटो आणि माझा फोटो, दोघींचा चेहरा सारखाच घाबरलेला.

१५ डिसेंबर, रविवार. पोपटी ट्रायल १

ज्यांना माहीत नाही त्यांना: मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा आणि जाडं मीठ. वर परत पाला दाबून भरायचा. ना पाणी ना तेल. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं, भोवती पेंढा, वाळका पाला, काटक्या रचून जाळ करायचा. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा, पाणी चर्र करून लगेच उडालं की झालं.

तो वर्षानुवर्षं एका मडक्याची लावतोय. आज चार मडक्यांची लावली. आणि चारही प्रकारे फसली.

मडकी मी आणली होती, जांभळी नाक्याजवळून, पाण्याची, स्वस्त, ९० ला एक. जाळ लागल्यावर दहाव्या मिनिटाला त्यातलं एक फटाक्यासारखं फुटलं. पाण्याचं मडकं पातळ असतं, आणि मी शहाणीने ती आदल्या रात्री धुऊन ठेवली होती, आत ओल राहिली. दुसऱ्याचं एका बाजूचं चिकन कोळसा आणि दुसऱ्या बाजूचं कच्चं, कारण वाऱ्याने जाळ एकीकडे ओढला. तिसरं शिजलं होतं पण शेंगांमध्ये दाणेच नाहीत, डिसेंबरच्या मध्याला आमच्याकडे आलेला माल भरलेलाच नव्हता, नुसती सालं चोखत बसलो.

चौथं सगळ्यात वाईट. माझ्याकडची निम्मी माणसं शाकाहारी, काही अंडं खाणारी काही तेही नाही. म्हणून व्हेज मडक्यावर खडूने मोठी फुली मारली होती. जाळातून बाहेर आल्यावर चारही मडकी काळी ठिक्कर. फुली कुठली? बाबा उत्साहाने पहिलं मडकं फोडायला बसले आणि वरच कोंबडीची तंगडी. बाबा काही बोलले नाहीत, हात धुऊन आले. पण हेच लग्नात माझ्या मोठ्या आत्याच्या पुढ्यात झालं असतं तर आमचं लग्न पुढची वीस वर्षं त्याच गोष्टीसाठी लक्षात राहिलं असतं.

खर्च २,९००, वेळ सकाळी ७ ते दुपारी ४, खाण्यालायक अंदाजे दीड मडकं.

२२ डिसेंबर. विधीची रंगीत तालीम

मामांच्या अंगणात पंचवीस मित्रमैत्रिणी आणि भावंडं बोलावली. आमचं लिहिलेलं आम्ही वाचलं. त्याने तलावाबद्दल लिहिलं होतं, मी लोकलबद्दल, एकमेकांना वचनं वगैरे. चांगलं होतं, मीच काय, माझी बहीणही रडली. हार घातले.

६ मिनिटं ४० सेकंद.

मग शांतता. पंचवीस माणसं हातात अक्षता धरून उभी. माझा मामेभाऊ इकडेतिकडे बघत म्हणाला, "झालं?"

हे "झालं?" घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना. भटजी नकोत म्हणून काढले, पण भटजी फक्त मंत्र म्हणत नसतात, तेच सांगतात आता उभे राहा, आता मामाला बोलवा, आता टाळ्या, आता जेवायला बसा. मंगलाष्टकं कंटाळवाणी का असेनात, अक्षता कधी टाकायच्या ते शेवटच्या पोराला कळतं. आम्ही ते सगळं उचकटून काढलं आणि त्या जागी दोन कागद ठेवले. १४० माणसं मांडवात येणार, त्यातली निम्मी साठीच्या पुढची, आणि सात मिनिटांत लग्न संपलं तर पोपटी तयार व्हायला अजून सव्वा तास, ती करतील काय तोपर्यंत?

रात्री आम्ही एक तक्ता केला, अँकर ठेवू, मित्र गाणी म्हणतील, एक खेळ ठेवू. वाचून दोघांनाही ते ऑफिसच्या ॲन्युअल डे सारखं वाटलं. फाडला.

२५ डिसेंबर

बाबांनी सत्यशोधक पद्धत सुचवली. १८७३ पासून लोक भटजीशिवाय लग्नं लावतायत, तुम्ही काही नवीन करत नाही असा टोमणाही मारला. विचार केला होता, पण ती पद्धत नीट जाणणारं कोणीतरी हवं आणि आमच्याकडे अठरा दिवस होते.

मग बेलापूरला त्याच्या आजीसमोर हीच चर्चा चालली होती. आजी लसूण सोलत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "आगो, माझे लग्नाला कुठं भट होता? धवलारीन होती."

मला हे माहीतच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही अर्धवटच माहीत होतं. आगरी-कोळ्यांची लग्नं पूर्वी धवलारीण लावायची. बाई. ती धवळे गाते, आणि गाण्यातूनच लग्न पुढे नेते, मांडवाचं गाणं वेगळं, हळदीचं वेगळं, नवरीला आणायचं वेगळं. गाणं संपलं की ते काम संपलं, पुढचं गाणं सुरू झालं की लोक आपोआप पुढच्या कामाला लागतात. म्हणजे आमच्या लग्नात जे भोक पडलं होतं बरोब्बर त्याच मापाचं झाकण आजीकडे होतं आणि आम्ही चार महिने वेबसाइटी बघत होतो.

२७ डिसेंबर

धवलारीण सापडली. सोपं नव्हतं, आजीच्या ओळखीच्या दोघी आता हयात नाहीत, तिसरी गात नाही. शेवटी उरणकडच्या एका गावात आजीच्या नात्यातल्या बाई. वय सत्तरीच्या पुढे. सोबत त्यांच्या जाऊबाई, एकीने ओळ म्हणायची आणि दुसरीने उचलायची.

त्यांनी आमची तपासणी घेतली. आमचे कागद वाचून दाखवायला लावले. मी माझं वाचायला सुरुवात केली, दोनेक मिनिटं झाली असतील, त्यांनी नुसता तळहात वर केला. बास. म्हणाल्या तुमचं बोलणं हार घालायच्या आधी, पण एवढंच, बाकीचं एकमेकांना घरी सांगा. सात मिनिटांच्या मजकुराचं इतकं स्वच्छ एडिटिंग कोणी केलं नसेल.

मग मी माइकचं विचारलं. माइक नको. कॉलर माइक? नको. तोंडासमोर काही असलं की आवाज लागत नाही. आणि वेळेचं विचारलं, म्हणजे साधारण किती वाजता संपेल, तर म्हणाल्या गाणं संपल तवा.

मानधन त्यांनी सांगितलंच नाही. आजीने ठरवलं, ५,००० आणि दोघींना लुगडं.

२९ डिसेंबर. पोपटी ट्रायल २

जमली! काय बदललं:

मडकी पोपटीचीच आणली, जाड, पेणच्या बाजूने, २२० ला एक, शेंगा विकणाऱ्याकडेच मिळाली. चौदा घेतली. न धुता, कोरडी पुसून, उन्हात दोन दिवस. शेंगा आता भरल्यात, हाताला दाणा लागतो. भांबुर्डीचा पाला पण त्याच्याकडूनच, गोणीभर. बेलापुरात आता हा पाला मिळायला मोकळी शेतं तरी कुठे राहिलीत.

व्हेज-नॉनव्हेजला दोन स्वतंत्र जाळ, अंगणाच्या दोन टोकांना, आणि व्हेज मडक्यांच्या पोटाला लोखंडी बाइंडिंग वायरचे दोन वेढे, पिळून घट्ट. वायर जळत नाही आणि काळोखातही बोटाला लागते. आत्यासाठी तिसरा वेढा, म्हणजे अंडंही नाही. या वायरची किंमत ४० रुपये आणि या अख्ख्या लग्नातला सगळ्यात चांगला खर्च हाच असेल बहुतेक.

वेळ: पाच मडकी भरायला सहा माणसांना २५ मिनिटं, जाळ ३५, उघडून परातीत काढायला १०. दोन्ही जाळ धरून एका वेळी दहा मडकी, दोन घाणे. शेजाऱ्यांना सांगितलं, पाण्याचे दोन ड्रम आणि वाळूच्या बादल्या ठेवल्या. सकाळी ९ ला केलं, वारा नव्हता, मस्त.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

कायद्याने लग्न झालं. सावित्रीबाईंची जयंती, हे मात्र खरंच ठरवून.

तीन साक्षीदार लागतात. तिघांनाही मेसेज केला होता की ओरिजिनल ओळखपत्र आणा. एकाने मोबाइलमधला फोटो आणला. "डिजिटल इंडिया आहे ना?" तो परत डोंबिवलीला गेला आणि आला, दोन तास गेले, आमच्या मागच्या दोन जोड्या लग्न लावून पेढे वाटून गेल्या. आत गेल्यावर अधिकाऱ्यांसमोर दोघांनी एकेक वाक्य म्हणायचं, मराठीत चालतं, सह्या, झालं. यावेळी "झालं?" असं मीच म्हणाले.

मामलेदार मिसळ खाल्ली. आईला प्रश्न पडलाय की वाढदिवस ३ ला करायचा की १२ ला.

८ जानेवारी

किरकोळ पण डोकं खाणारं.

अक्षता: तांदूळ वाया नको म्हणून बाजरी ठरवली होती, पक्षी खातील. पक्षिगणनेतल्या आमच्या ग्रुपवर ही आयडिया टाकली तर सगळ्यांनी झापलं, कबुतरं येतील, मुंग्या येतील, बाकी कोणी येणार नाही. गपचूप अर्धा किलो तांदळावर आलो, प्रत्येकाला चिमूटभर.

खुर्च्या: माइक नाही आणि १४० माणसं. मांडववाल्याने नेहमीसारख्या रांगा आणि समोर स्टेज काढून दिलं होतं. पाठच्या रांगेत मी स्वतः उभी राहिले, आजीला गायला लावलं, काही ऐकू येत नाही. मग स्टेज रद्द, आम्ही मधे सतरंजीवर, आणि भोवती खुर्च्यांची चार गोल कडी, मधून दोन वाटा. पाठचा माणूस आता २० फुटांवर आला, आधी ५० वर होता. मांडववाला म्हणतो फोटो कुठल्या बाजूने काढणार? म्हटलं सगळीकडून.

लोकल: रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद. यादी दोन दिवस आधी येते, त्यावर लग्न टांगून ठेवता येत नाही. ब्लॉक साधारण ११ च्या आसपास सुरू होतात म्हणून साडेआठच्या सुमाराची पनवेल पकडायची ठरवली, तरी भीतीपोटी एक मिनीबस पण सांगून ठेवली, ४,००० ॲडव्हान्स.

१२ जानेवारी, रात्री

पाय दुखतायत, पण आत्ता नाही लिहिलं तर राहील.

ठाणे स्टेशन, ट्रान्स हार्बरचा प्लॅटफॉर्म, ४६ माणसं. मी कॉटनची साडी आणि फ्लोटर्स. सगळ्यांनी एकाच डब्यात चढायचं असं तीनदा सांगितलं होतं, गाडी आल्यावर काकू आणि मावश्या सवयीने लेडीजमध्ये शिरल्या, गुळपोळीचे डबे त्यांच्याकडे. ऐरोलीपर्यंत फोनाफोनी. एक काका झोपले ते खारघरला उठले. पण बाकी गाडी बेफाम, ऑफिसला चाललेल्या एका अनोळखी बाईने तिच्या डोक्यातला गजरा काढून मला माळला, आणि घणसोलीला उतरून गेली, नावही विचारायचं राहिलं. मिनीबस लागली नाही, ॲडव्हान्स गेला.

धवलारीण बाई आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या, कोणाकडेही न बघता सुरू केलं. पहिल्या ओळीला थोडी कुजबुज होती, दुसऱ्या बाईंनी ओळ उचलली आणि मांडव शांत. मला शब्द अर्धेच कळत होते. पण आजी आणि तिच्या वयाच्या चार-पाच बायका मागच्या कड्यातून उठून पुढे येऊन बसल्या आणि म्हणायलाच लागल्या, त्यांच्यातली एक तर वीस वर्षांनी हे ऐकतेय म्हणाली. माझी आई, जी पौषावरून अजून नाराज होती, तिने शेजारच्या बाईंना प्रत्येक ओळीचा अर्थ विचारायला सुरुवात केली. हार घालायच्या आधी बाईंनी आमच्याकडे बघून मान हलवली, आम्ही आमची दोन मिनिटं बोललो. मग त्यांनी परत गाणं धरलं आणि अक्षता कधी टाकायच्या ते कोणाला सांगावं लागलं नाही.

एकूण एक तास दहा मिनिटं. कोणीही "झालं?" विचारलं नाही. बेंजोवाल्या भावांनीही नाही.

आता फसलेलं. दोन्ही ट्रायल सकाळी केल्या होत्या. पहिला घाणा साडेअकराला, एकदम बरोबर. दुसरा एकच्या पुढे. तोपर्यंत खाडीवरून वारा सुटला, रोज दुपारी सुटतो, त्याला जन्मापासून माहीत आहे आणि आम्हाला दोघांनाही आठवलं नाही. धूर थेट जेवणाऱ्या पंगतीत. निम्मे लोक ताटं घेऊन मामांच्या पडवीत पळाले. भावांनी मांडवाची एक कनात सोडून आडवी धरली, दोघेजण ३५ मिनिटं कनात धरून उभे, डोळ्यांतून पाणी. त्यातल्या एकाने लग्नाचा शर्ट नवीन घेतला होता. ट्रायल त्याच वेळेला करा ज्या वेळेला खरं काम आहे, एवढं तरी कळायला हवं होतं, मी स्वतः टेस्टिंगमध्ये काम करते.

दुसऱ्या घाण्यातलं एक मडकं फुटलं, नॉनव्हेजचं. आत्याने तीन वेढ्यांचं मडकं स्वतः हाताने चाचपून मग घेतलं.

गुळपोळ्या ३०० पैकी ११० उरल्या. पोपटीवर कोण गोड खाणार, आणि उद्या-परवा सगळ्यांच्या घरी तेच. भाकऱ्या मात्र ३२० असूनही कमी पडल्या, बचत गटाच्या बायकांनी तिथेच चूल मांडून अजून ६० थापल्या.

२ फेब्रुवारी, रविवार. हिशोब

कपडे सोडून २ लाख ४५ हजारांच्या आसपास. मोठे आकडे: पाहुण्यांच्या सहा खोल्या दोन रात्री ४०,८०० (३,४०० च्या जुन्या दरानेच), मांडव ३८,०००, फोटो ३५,०००, हळदीचं जेवण २४,०००, बिरडं-भात-सोलकढीचा आचारी २२,०००, बेंजो १८,०००, ताटं-वाट्या आणि धुणाऱ्या बायका ११,५००, गुळपोळ्या ९,००० (चूक, दोनशे पुरल्या असत्या). शेंगा ६० किलो ७,२००. दोन ट्रायल मिळून ६,४००.

हॉलच्या निम्म्यात झालं असं सांगितलं की लोक खूश होतात. पण माझ्या नऊ सुट्ट्या गेल्या, त्याच्या सात, आणि सप्टेंबरपासून एकही रविवार आमचा नव्हता. तलावावर चार महिन्यांनी काल गेलो.

धवळ्यांचं रेकॉर्डिंग मोबाइलवर केलंय पण मधे माझ्याच मावशीचं बोलणं आहे, सोलकढीत मीठ कमी आहे असं. बाईंना विचारलंय, परत एकदा नुसत्या गाण्यासाठी येऊ का. म्हणाल्या लग्न नसताना कसं गाणार, कोणाचं ठरलं की सांग.

अकरा मडकी धड राहिली. मामांच्या पडवीत ठेवलीत. सीझन फेब्रुवारीअखेरपर्यंत आहे, कोणाला हवी असतील तर बेलापूरला येऊन घेऊन जा, पैसे नकोत. तार असलेली पाच आहेत, त्यांची तार काढू नका आणि त्यात चिकन लावू नका.